तिसरं लागलं की सरलं

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो, आणि आमच्या गावापासून खोपोलीपर्यंत भातशेती, वीटभट्ट्या आणि मधूनच एखादा कारखाना एवढंच होतं. आता खालापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक भलंमोठं थीम पार्क झालंय. पाळणे आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, माणसाला उलटं टांगून वर त्याचेच पैसे घेणारी यंत्रं आहेत. मी तिथे फाटकावर तिकिटाच्या खिडकीत बसतो. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, समोर कॉम्प्युटर. तुम्ही बघितलं असतं तर आधी माझी कॉलर सरळ केली असती आणि मग विचारलं असतं, काम काय करतोस रे. तर काम हे, बाई, की मी दिवसभर लोकांना त्यांच्या पोरांची वयं विचारतो.

नियम साधा आहे. तीन वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला आत फुकट, त्यापुढे तिकीट. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड किंवा जन्मदाखला दाखवा अशी पाटी लावलेली आहे, पण पाटी वाचून घरातून कोण निघतो? लोक खिडकीशी येतात आणि तिथे मोबाइल चाळायला लागतात. बारशाचे फोटो सापडतात, जावळाचे सापडतात, दाखल्याचा तेवढा सापडत नाही. मागे रांग वाढते, उन्हात बायका पदर डोक्यावर घेतात. "अहो, बघा ना, एवढुसा तर आहे," म्हणून बाप ज्याला पुढे करतो तो पठ्ठ्या माझ्या काउंटरवर हनुवटी टेकवून आत काय चाललंय ते बघत असतो. मला हसू आवरत नाही. खरं सांगतो, त्या आईबापांचा मला कधी राग आला नाही. वर्षातून एकदा पोरांना घेऊन निघालेली माणसं, जिथे वाचेल तिथे वाचवायला बघणारच.

आमचे सुपरवायझर पनवेलचे, माझ्याहून वयानं लहान, माणूस वाईट नाही. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला युक्ती शिकवली. म्हणाले, "आईबापांशी हुज्जत घालायची नाही. सरळ पोराला विचारायचं. गोड बोलायचं, बाळा, केक कापला का, मेणबत्त्या किती होत्या. पोरं खोटं बोलत नाहीत." युक्ती एकदम बिनचूक. कागद नसला तरी पोर असतंच, आणि पोर सांगून टाकतं. मीही बरेच दिवस तेच करत राहिलो आणि त्यात आपण हुशार आहोत असंही मला वाटायचं.

मग एका रविवारी एक मुलगी आली, पिवळा फ्रॉक घातलेली. बाप म्हणाला, अडीच वर्षांची आहे. मी वाकून तिला मेणबत्त्यांचं विचारलं. तिनं चार बोटं दाखवली, आणि वर सांगितलं की एक मेणबत्ती विझत नव्हती ती दादानं फुंकली. रांगेतले लोक हसले, मीही हसलो. बापानं मुकाट्यानं तिकीट काढलं. पण फाटकातून आत जाताना त्यानं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की मला खिडकीतून दिसला. पोरगी रडली नाही. तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं, आपलं काय चुकलं ते मला माहीत असेल असं तिला वाटलं असावं. त्या दिवशी दुपारी मला डबा गेला नाही, आणि मला आपली एसटी आठवली.

तुम्हाला ती आठवत असेल की नाही, कोण जाणे. तुमच्यासाठी तो रोजचा प्रवास होता, कर्जतला राहायचात आणि आमच्या शाळेवर यायचात. आई मला घेऊन मामाकडे निघालेली आहे. गाडी पळसदरी सोडून पुढे आलीय. तुम्ही पुढच्या बाकावर, मांडीवर पिशवी. कंडक्टर आमच्यापाशी येतो आणि आई माझ्याकडे न बघता सांगते, "त्याला पाचवं लागलंय." पाचवं लागलं म्हणजे चार पुरी झाली, म्हणजे तिकीट नाही. कंडक्टर मला वरपासून खालपर्यंत बघतो आणि विचारतो, "काय रे, कितवीला आहेस?" मला तर कुणी शाळेचं विचारलं की छाती फुगवायची सवय. मी ठणकावून सांगतो, "दुसरीत हाय." अख्खी गाडी हसते. आईचा हात माझ्या खांद्यावर असतो तो गरम होतो, ते मला आजही जाणवतं.

तेव्हा तुम्ही मागे वळलात. "कंडक्टर, तिकिटाचं आईशी बोला. पोराला कशाला विचारता?"

"बाई, पोरं खरं बोलतात," तो म्हणाला.

"म्हणूनच विचारू नका," तुम्ही म्हणालात.

आईनं माझं अर्धं तिकीट काढलं. ते काढावंच लागणार होतं, तुम्ही त्यात काही सूट मागितली नाहीत. पण नंतर तुम्ही उठून आमच्या शेजारी येऊन बसलात आणि आईशी भात झोडून झालं का, म्हैस व्याली का, अशा गप्पा मारत राहिलात, तिची मान वर येईपर्यंत. मामाच्या गावाला उतरल्यावर आईनं मला मारलंही नाही आणि ती रागावलीही नाही. ती अजून म्हणते, "त्या दिशी बाई जवल येऊन बसल्या, नायतर मी तुला सोलला असता." मामाकडून परत आल्यावर शाळेत तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, खरं बोललास याची शाबासकी देणार नाही आणि रागावणारही नाही, आई म्हणजे आई असते, तिला गाडीत एकटं पाडायचं नाही. मला ते त्या वयात नीट कळलं नव्हतं. पण तुम्ही माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोललात याचा आनंद मात्र मी कितीतरी दिवस घेऊन फिरलो.

तुमची शाळेतली पद्धत मात्र मला तेव्हाच कळली होती, कारण तिचा त्रास आम्हाला होता. कुणाचे आईबाप शाळेत आले की तुम्ही त्यांच्या पोराला म्हणायचात, "जा रे, जास्वंदीला पाणी घालून ये." पोर तांब्या घेऊन बाहेर, आणि मग तुम्ही त्या बाईला विचारायचात, किती दिवस चूल पेटली नाही, नवरा अजून पितो का, पोराला भट्टीवर का नेलं होतं. पोरासमोर कुणाला खोटं बोलायची पाळी यायला नको, म्हणून पोरालाच उठवायचं. पाणी घालून घालून ती जास्वंद दोनदा कुजली आणि तुम्ही दोनदा नवी लावलीत. एकदा मी तांब्या ठेवून दाराआड ऐकत उभा राहिलो तर तुम्ही कान धरून म्हणालात, "ऐकलंस ते तुझं नव्हतं. आता आणखी पाणी घाल." बाई, तुमच्याकडून मी पाढे शिकलो, शुद्धलेखन काही शिकलो काही नाही. पण पुढे आयुष्यात कामाला आलं ते हे.

पिवळ्या फ्रॉकच्या त्या दिवसानंतर मी पोरांना विचारणं बंद केलं. आमच्या फाटकाबाहेर डाव्या हाताला सिमेंटचं एक मोठं पांढरं बदक आहे. मी काय करायला लागलो, तर कागद नसलेलं कुटुंब आलं की पोराला म्हणायचं, "जा रं, त्या बदकाच्या चोचीला हात लागतो का बघून ये." पोराबरोबर घरातलं कुणीतरी जातंच. मागे जो उरतो त्याच्याकडे बघून मी हळू आवाजात विचारतो, "किती पूर्ण?" पुढे काहीच बोलत नाही. बाई, तुमचा विश्वास बसणार नाही, निम्म्याहून जास्त लोक खरं सांगतात. समोर पोर नसलं की त्यांनाही बरं वाटत असावं. उरलेले खोटं बोलतात आणि मी त्यांना सोडून देतो.

ते सोडून दिलेले आमच्या सुपरवायझर साहेबांच्या डोळ्यांवर आले. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "हे गेट आहे, बालवाडी नाही. उद्यापासून पोरांना विचारायचं, नाहीतर पुढच्या वेळी तुमचं कंत्राट येणार नाही." मी घाबरलो. ही नोकरी गेली तर रसायनीला एखाद्या कंपनीच्या फाटकावर बारा तासांची पाळी, तीही कुणी लावून दिली तर. घरी पोरगी लहान, आई थकलेली. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, एक रविवार माझ्या शेजारी बसा. मग म्हणाल तसं करतो."

ते बसले. पहिल्या दोघांनी सरळ आधार कार्ड काढून दाखवलं, तेव्हा माझीच पंचाईत. मग चौक गावच्या बाजूची एक आजी आली, मुलगा, सून आणि नातू असा गोतावळा घेऊन. कागद नव्हता. मी नातवाला बदकाकडे पिटाळलं, त्याच्यामागे आईबाप दोघंही गेले, आजी पैशांची पिशवी सांभाळत माझ्यासमोर राहिली.

"आजी, नातू केवढा?"

"तिसरं लागलंय."

साहेब पटकन म्हणाले, "म्हणजे तीन. तिकीट लागेल."

"नाय रं बाबा," आजी म्हणाली, "लागलं म्हनजे दोनच झाली. तुला येवढं पन कलत नाय?"

मी आजीला विचारलं, "आजी, लागलं का सरलं?"

तिनं बदकाकडे बघितलं. नातू बापाच्या खांद्यावर चढून चोच पकडत होता, लांब होता. आजी खिडकीला तोंड लावून म्हणाली, "सरलं. गणपतीआधीच सरलं. सूनबाय बोलली तसं बोलायला गेले, पन मना नाय जमत. दे तिकीट." आणि सुटल्यासारखी हसली. साहेबसुद्धा हसले. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी बदकापाशी एक कामगार उभा केला, पोरं पडू नयेत म्हणून, आणि दुसऱ्या खिडकीवर नवीन आलेल्या मुलीला माझ्याकडे शिकायला पाठवलं. माझं कंत्राटही आलं. हे सगळं तुमचं आहे, बाई, आणि ते तुम्हाला सांगायला हवं होतं. मी तुमचा फार ऋणी आहे. हे तोंडावर म्हणण्याएवढा मी मोठा झालो तेव्हा तुम्ही नव्हतात.

पण पत्र लिहायला बसलो ते एवढ्यासाठी नाही. गेल्या महिन्यात कामगारांच्या घरच्यांचा दिवस होता. बायकोला पास, तीन वर्षांखालच्या पोराला फुकट. आमच्या पोरीला तीन पुरी होऊन थोडे दिवस झालेत. रिक्षात बायको तिला मांडीवर घेऊन सांगत होती, "कुनी इचारलं तर दोन बोल हां. किती? दोन." पोरगी दोन बोटं काढून घोकत होती. मी ऐकलं, बाई. मी बाहेर बघत बसलो, एक शब्द बोललो नाही.

खिडकीत ती नवीन मुलगी होती. मला बघून ती ओशाळली, पण शिकवलं होतं तसंच केलं तिनं. बायकोला आणि पोरीला बदकाकडे पाठवलं आणि खाली मान घालून विचारलं, "दादा, किती पूर्ण?" मी म्हणालो, "तीन." पैसे काढून ठेवले. बरं वाटलं मला. त्या आजीला काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. पोरीनं काही ऐकलं नाही, बायकोनंही नाही, कुणाची मान खाली गेली नाही.

इतक्यात पोरगी पळत परत आली, काउंटरला लोंबकळली, आणि कुणी विचारलं नसताना त्या मुलीपुढे दोन बोटं नाचवत म्हणाली, "मी दोन." ती मुलगी म्हणाली, "हो का? शहाणी आहेस." तिकीट माझ्या हातात होतं ते मी खिशात घातलं.

तेव्हापासून ती सगळ्यांना दोनच सांगते. वाण्याला दोन, अंगणवाडीत दोन, आजीला दोन. मी तिला जवळ घेऊन म्हणतो, "नाय गं, तीन. तू तीन वर्षांची हायस." ती मान हलवते आणि म्हणते, "आई बोलली दोन." आई खोटं बोलली हे मी तिला सांगू शकत नाही, आणि मी गप्प बसलो होतो हेही सांगू शकत नाही. तुम्ही काय केलं असतंत, हे विचारायला पत्र लिहायला घेतलं. लिहून झालं आणि लक्षात आलं, पाठवायचं कुठे. शेजारी पोरगी बसलीय. कुणाला लिहितोस म्हणाली. मी म्हणालो, माझ्या बाईंना. तिनं विचारलं, त्या किती वर्षांच्या? मला माहीत नव्हतं, बाई. मी कधी विचारलंच नव्हतं.