बाबांचा उजवा डोळा

गुरुवार, संध्याकाळ

आज परत तेच. बाबा स्कूटरचा उजवा आरसा फोडून घरी आले. मी सरळ विचारलं, "बाबा, उजव्या डोळ्यानं नीट दिसतं का?" तर म्हणे, "राजवाड्यापाशी ट्रॅफिक फार झालंय." परत विचारलं. "बेटा, चाळीस साल झाले गाडी चालवतोय." मधूनच आई, "आधी पोहे खाऊन घ्या, गार होतायत." मी विचारतेय काय आणि ही दोघं सांगतायत काय! माझंच विचारणं चुकतं का? फुटका आरसा पुढे धरला, तर म्हणाले, "नवा लावून घेऊ. फालतू टेन्शन नको घेऊस."

डोकंच फिरलं माझं. समोर जाऊन बसले, हातानं त्यांचा डावा डोळा झाकला आणि विचारलं, "सांगा, आत्ता मी हसतेय की रागावलेय?"

बाबांनी चेहरा माझ्या अगदी जवळ आणला. मग हळूच म्हणाले, "अजून थोडं बोल ना. आवाजावरून सांगतो."

मी हात काढला. स्कूटरची किल्ली त्यांनी स्वतःच खिशातून काढून माझ्या हातात दिली.