काळा मोतिया पिकत नाही

५ जानेवारी २०२५, रविवार

माफी असावी. दिवाळीपासून एक अक्षर लिहिलं नाही. वहीचा काही दोष नाही, दोष डोळ्यांचा. उजवा झाकला तर अजून लिहिता येतं. डावा झाकला तर कागदच नाही!

आज लिहावंच लागलं. सौंसरला डोळ्यांचं शिबिर होतं. मोतीराम सोबत आला. शेजारी, माझ्याच वयाचा. त्याचा मोतिया मागच्या साली निघाला. आता सुईत दोरा ओवतो, आणि अख्ख्या रामाकोना गावाला ओवून दाखवतो. मी गेलो होतो ते आज आपल्यालाही तारीख मिळेल या भरवशावर. दोन वर्षं झाली, उजव्या डोळ्यात धुकं. मोतीरामच म्हणाला होता, "कच्चा काढू नको, पिकू दे. पिकला का सालीवानी निघते." मला पटलं. जन्मभर व्यापाऱ्यांच्या ढिगावर बसून संत्री छाटली मी. कच्चं तोडलं की माल वाया जातो, हे मला कोणी शिकवायला नको.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई होत्या. लेकीच्या वयाच्या. यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, आत उजेड मारला, मग डाव्यातही मारला. शेवटी म्हणाल्या, "बाबा, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे." मला कळेना. बाजूचा कंपाउंडर छिंदवाड्याकडचा. तो म्हणाला, "काला मोतिया है बाबा. सफेद नहीं, काला."

मी विचारलं, "मग हा कधी पिकंल?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"हा पिकत नाही, बाबा. आतली नस वाळत जाते. जेवढी नजर गेली ती परत येत नाही. राहिली तेवढी राखायची."

डावाही निम्मा गेला म्हणतात. कडेकडेने. मला कळलंसुद्धा नाही!

६ जानेवारी

मालतीला सांगितलं. ती भाकर थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "कुणालले फोन लावू?" मी नको म्हटलं. एकच पोरगा. संत्र्याचा ट्रक घेऊन कलकत्त्याच्या वाटेवर आहे. गाडी हाकताना डोक्याला घोर कशाला? आला की सांगू.

थेंब दिले आहेत. सकाळ-संध्याकाळ, मरेपर्यंत. टाकले की आग होते. त्याने राहील ना डावा? राहील म्हणाल्या. "बहुतेक" म्हणाल्या. बहुतेक म्हणजे किती?

८ जानेवारी

तो शब्द अंगाला चिकटला आहे. काळा. जिकडेतिकडे तोच ऐकू येतो. रेडिओवर कोणी काळ्या पैशावर बोलत होता. मालती बकरीवर ओरडली, "काळतोंडे, माझी कोथिंबीर खाल्ली!" दूध नासलं तर चहा काळा. आधीही हे सगळं कानावर पडतच असेल. तेव्हा टोचत नव्हतं.

मी सातवीपर्यंत शिकलो. काळ्या फळ्यासमोर. काळ्यावर पांढरं उमटलं की त्याला विद्या म्हणायचे. गुरुजींनी एकदा काळं पाणी सांगितलं. इंग्रज माणसाला समुद्रापलीकडच्या तुरुंगात टाकत, तिथून परत येणं नाही. मला वाटे, पाणीच काळं असेल, पाटी धुतल्यावर होतं तसं. रात्रभर घाबरलो होतो. आता पुन्हा तसंच होतं.

इंग्रज आपल्याला काळा आदमी म्हणत. ते गेले. शब्द मात्र इथेच ठेवून गेले. का आपलाच होता?

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारची शकुबाई वाण घेऊन आली. काळी साडी, नवी. मालती म्हणाली, "तुह्या पोरीच्या लग्नात मी काळी साडी नेसून आली होती तं तोंड फिरवलं होतं तू."

"आज चालते ना बाई! आज शुभ असते."

"वर्षभर अशुभ अन् आज शुभ. त्या रंगालेच इचारलं काय कोणी?"

दोघी खूप हसल्या. मग शकुबाईने मला हाक मारली, "भाऊजी, पहा ना, कशी दिसते साडी?"

मी चांगली म्हटलं. मला मध्ये तिचा चेहरा दिसला आणि भोवती धूर. साडी दिसलीच नाही. मालतीला समजलं. ती शकुबाईला घेऊन चुलीकडे गेली.

मालतीला मी पाहायला गेलो होतो तेव्हा माझ्या आत्याने तिच्यासमोरच म्हटलं होतं, "पोरगी काळी हाय, पण कामाची हाय." मालतीने मान वर करून आत्याकडे पाहिलं होतं. तो चेहरा मला अजून दिसतो. आत दिसतो, तो जाणार नाही ना? असं काही डॉक्टरीणबाईंना विचारता येत नाही.

१९ जानेवारी, रविवार

छाटणीला गेलो होतो. जायला नको होतं.

आंबिया बहाराचा शेवटचा माल, व्यापारी गजेंद्रभाऊंच्या शेडमध्ये. ढिगासमोर बसायचं, दोन्ही हातांनी फळ फिरवायचं, कोळशीचं फळ बाजूला टाकायचं. काळी माशी बसली की सालीवर काजळी धरते, तिला आम्ही कोळशी म्हणतो. आतून फळ गोडच असतं, पण बाजारात काळं चालत नाही. या कामात माझं नाव होतं. पांढुर्ण्याचे व्यापारी बोलावून नेत.

दुपारी गजेंद्रभाऊंनी माझं क्रेट उलटं केलं. काळीच काळी फळं! मी हातांनी चाळली होती आणि डोळ्यांनी सोडली होती.

"देवीदास, झोपून राहिला होता का बे?"

ढिगावरच्या बाया हसल्या. मी म्हटलं, "हो भाऊ, डुलकी लागली."

खोटं बोललो. झोपलेला माणूस उद्या जागा होतो. आंधळ्याला कोण बोलावणार?

२० जानेवारी

नाही गेलो.

२३ जानेवारी

लाज वाटते लिहायला. बाजारातून काळा दोरा आणला आणि दंडाला बांधला. वरून लांब बाह्यांचा सदरा घातला. मालतीने आंघोळीच्या वेळी पाहिला.

"हे काय?"

"नजर."

"बुद्धाच्या फोटोखाली बसून दोरा बांधता! तुमच्या बापानं दीक्षा घेतली तवा घरातले सारे दोरे-गंडे नदीत टाकले होते ना? तुमीच सांगत होते कुणालले."

"डोळा जाऊन राहिला मालती. तुह्यं काय जाते?"

"माह्यं काहीच जात नाई?" एवढंच म्हणाली आणि दोरा सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती. तिने दातांनी तोडली.

२९ जानेवारी

पांढुर्ण्याला मंत्री येणार होते. मोतीराम म्हणाला, चल, इलाजाची काही सोय लावून मागू. गेलो. गेटावर पोलिसाने माझा मफलर काढून घेतला. कारण तो काळा! कोणी काळं फडकावू नये म्हणून. माझ्यापुढच्या पोरीची ओढणी घेतली, एकाची टोपी घेतली. बाजूला काळ्या कपड्यांचा ढीग झाला.

मोतीराम म्हणाला, "साहेब, याच्या डोयात बी काळा मोतिया हाय, तो कुठी जमा करायचा?"

पोलीसही हसला. आत गेलो तर मंत्री दिसले नाहीत. इतरांना दिसले असतील. परत येताना ढिगात मला माझा मफलर ओळखू येईना. सगळंच काळं. मोतीरामने शोधून दिला.

घरी येऊन मी दार लावून घेतलं. ७३ वर्षांचा माणूस दार लावून रडतो, हे कोणाला सांगायचं? वहीला.

२ फेब्रुवारी, रविवार

मोतीराम आला. बसला. सुई-दोऱ्याची गंमत नाही, काही नाही. आपल्या चपलेकडे पाहत म्हणाला,

"माही जीभच काळी निंगाली, देवीदास. मीच म्हटलं होतं, थांब म्हणून."

"तुले काय माहीत होतं."

"नसन माहीत तं बोलायचं कायले?"

राग आहे. आहेच! पण माझा राग कशावर ठरत नाही. संपूर्ण गाव तेच सांगतं. मीही चार लोकांना तेच सांगितलं असेल.

जाताना त्याने विचारलं, "हातपाय धुवायचे काय? चल." हात धरून मोरीपर्यंत न्यायला लागला. मी झटकला. मग मलाच वाईट वाटलं.

तो गेल्यावर दारात बसलो. समोर शेतं. गावाच्या जागेला पांढरी म्हणतात, शेताच्या मातीला काळी. आमच्या बापाला पांढरीत घर नव्हतं आणि काळीत तुकडा नव्हता. मी एक एकर घेतला तेव्हा बाप ढेकूळ हातात धरून बसला होता. "काळी आपली झाली," म्हणाला. आयुष्यात तेवढा एकदाच मी तो शब्द आनंदाने ऐकला. त्या वेळी बापालाही नीट दिसत नव्हतं. चाचपडत धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत गेला होता. आम्ही म्हणायचो, वय झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार

नागपूरला गेलो, त्याच डॉक्टरीणबाईंकडे. डाव्याचं ऑपरेशन ठरलं, पुढच्या महिन्यात. नजर वाढणार नाही, फक्त टिकेल. टिकेलच असंही नाही. मी म्हटलं, टेबलावरच गेली तर? त्या म्हणाल्या, "नाही केलं तर नक्की जाईल, बाबा." हे बरं आहे! दोन्हीकडे विहीर.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होता?" मी बापाचं सांगितलं. त्या लगेच लिहायचं थांबल्या. "हा रक्तातून येतो. मुलं किती?" एक मुलगा म्हटलं. "त्याला घेऊन या. त्रास असो-नसो, घेऊन या."

मी म्हटलं, त्याला काही नाही. ट्रक चालवतो, रात्रीचा चालवतो, नजर घारीसारखी. त्या म्हणाल्या, "तुम्हालाही कडेने गेली तेव्हा कळलं नव्हतं."

बसमध्ये मालती खिडकीला डोकं लावून होती. मी काही विचारलं तरी हूं-हूं. थकली असेल. तिला माझ्या मागे किती फिरवतो मी.

११ फेब्रुवारी

डावा झाकून पाहिला, तोही गेला तर कसं असेल ते. पुन्हा कधी पाहणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

थेंब टाकता टाकता मालतीचा हात थांबला. म्हणाली, "कुणाल दिवाळीत म्हणत होता, समोरच्या गाडीचा उजेड फुटते, भवताल रंगीत कडं दिसते. एक डोया बारीक करून चालवतो म्हणे. मी म्हटलं, बाबासारखंच असंन. पिकलं का काढू." आणि तिथेच खाली बसली.

महिनाभर खेपांवर खेपा, पोरगा घरी आलाच नाही. सकाळपासून त्याला फोन लावतो आहे. बंद लागतो. ट्रकचा मालकही म्हणतो, माल उतरला, परत निघाला, पुढचं माहीत नाही.

कुणाल, बाबू, ही वही तुझ्या हाती यायची नाही, तरी तुलाच लिहितो. माझ्या डोळ्यांचं होईल ते होऊ दे. तू गाडी बाजूला लाव. असशील तिथे लाव. अंधार पडायच्या आत लाव. कोणाच्याही फोनवरून एक शब्द कळव, कुठे आहेस तेवढा. लवकर कळव रे.