कंबरेचं औषध

१ मार्च, रविवार

पोहोचलो एकदाचा! सिंगापूरच्या पासिर रिसमधला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, पांढऱ्याशुभ्र भिंती. खिडकीतून झाडांच्या वर समुद्राची एक बारीक पट्टी दिसते. ती दिसावी म्हणून मान किती वाकडी करावी लागते ते निहारिकाला सांगितलं नाही; "सी व्ह्यू आहे" एवढंच कळवलं. नोकरी जुरोंग आयलंडवरच्या रसायनांच्या कारखान्यात, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. पण बायकोला समुद्र हवा, तर हवा. ती नाशिकला कॉलेजात गणित शिकवते. पेपर तपासून झाले की १२ एप्रिलला इथे.

मेतकूट, गोडा मसाला, आईचं लिंबाचं लोणचं आणि माझ्या तेलाच्या तीन बाटल्या, सगळं एकाच पिशवीतून सुखरूप आलं. मणका सरकल्यापासून मला धड झोप नाही. वैद्यांनी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत हे लिहून दिलं. भांगेच्या पानांचं तेल, त्यांच्याकडचं सगळ्यात कडक. जिभेखाली दोन थेंब, वाढवायचं झालं तर आधी विचारा, असं बजावलंय. विमानात बसून कंबर पार कामातून गेली आहे. दोन थेंब घेतो आणि ताणून देतो.

४ मार्च, बुधवार

कंपनीच्या बसमध्ये शेजारी अभयदादा बसतात. इथे मुरलेले, मुलगी ऋता इथेच जन्मलेली. कंबरेचा विषय निघाला म्हणून मी तेलाचं सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. हळू आवाजात म्हणाले, आज घरी गेल्या गेल्या ओतून टाक. भारतातल्या वैद्याचा कागद इथे चालत नाही. सापडलास तर थेट तुरुंग, आणि इथे कुणाची ओळख लावता येत नाही. मी बरं म्हटलं.

घरी येऊन बाटली बेसिनवर धरलीसुद्धा. तेवढ्यात कंबरेतून अशी कळ आली की झाकण परत लावलं. आयुर्वेदिक औषध आहे हो, मी काय चिलीम ओढतोय? मेतकुटाच्या डब्यामागे ठेवलं आहे.

११ मार्च, बुधवार

कामावर ठीक चाललंय. घरी आल्यावर मात्र भिंतींशी बोलायची वेळ येते. शेजारच्या आजी लिफ्टमध्ये हसतात, मी हसतो, संपला संवाद. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा अडवायला शिकलो. एकट्या माणसाने एवढं मोठं टेबल अडवायचं म्हणजे लाजच वाटते. निहारिकाची फार आठवण येते.

दोन थेंबांनी आताशा काही होत नाही. आई कुठलंही चूर्ण अर्धा चमचा कोमट दुधातून द्यायची, तसंच हे घेतलं. काय झोप लागली! सकाळी पाय जमिनीला लागत नव्हते. वैद्यांना विचारायचं राहिलं, पण दुधातून घेतलेलं कधी कुणाला बाधलंय?

या वेगाने बाटल्या पुरणार नाहीत. निहारिकाला सांगितलं, येताना आणखी दोन आण, मसाल्याच्या पिशवीत टाक. तिने विचारलं, तिथे चालतं ना रे? मी म्हटलं, सगळे आणतात.

२२ मार्च, रविवार

मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम. अभयदादा आग्रहाने घेऊन गेले. श्रीखंड, नऊवारी, पोरांची गाणी. निघण्याआधी अर्धा चमचा घेतला होता, एवढ्या माणसांत बसायचं म्हणून. एक गाणं सुरू झालं ते संपेचना. घड्याळ पाहिलं तर काटा तिथेच. छातीत धडधडत होतं, तोंडाला कोरड पडली होती. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं, आणि ते सगळे मुद्दाम बघत नाहीत असं मला पक्कं वाटलं. ऋताने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "अंकल, ओके ऑर नॉट?" मी हसलो. घरी येऊन दुपारीच झोपलो.

दमलोय इतकंच. नवीन देश आहे.

२९ मार्च, रविवार

आता सकाळीही घेतो. नाही घेतलं तर हात थरथरतात, चिडचिड होते.

दुपारी स्वयंपाकघरातून कुणीतरी मला हाक मारली. देवदत्त. स्पष्ट, आईच्या वयाच्या बाईचा आवाज. गेलो, कुणी नव्हतं. बाहेर लख्ख ऊन, खाली मुलं सायकली चालवतायत. एवढ्या उजेडात माणूस घाबरतो यावर कुणाचा विश्वास बसणार? मला भीती वाटली, खूप वाटली. नंतर निहारिकाशी व्हिडिओवर बोललो. तिचे ओठ आधी हलत होते, आवाज मागून येत होता. नेट खराब असेल. पण ती हसली तेव्हा हसूही उशिरा आलं, कुणीतरी सांगितल्यावर हसावं तसं.

१ एप्रिल, बुधवार

अभयदादा बसमध्ये म्हणाले की मी स्वतःशी पुटपुटतो. सुट्टी काढ, मी डॉक्टरकडे घेऊन जातो, ओळखीच्या बाई आहेत, घाबरू नकोस. त्यांनी तेलाचं विचारलं नाही. म्हणजे त्यांना माहीत आहे.

डॉक्टर लघवी तपासणार. लघवीत सापडणार. मग पोलीस. मी सांगितलं, तब्येत ठणठणीत आहे. उद्यापासून बसच्या मागच्या सीटवर बसेन.

५ एप्रिल, रविवार

ती निहारिका नाही.

आज तिला मुद्दाम आमच्या लग्नातलं विचारलं. सगळं बरोबर सांगितलं. जरा जास्तच बरोबर. खरी निहारिका निम्मं विसरते आणि वर माझ्याशीच भांडते. हिचा चेहरा तिचा आहे, कपाळ, भुवया, सगळं. पण आत दुसरीच कुणी बसली आहे.

माझी निहारिका कुठे ठेवली यांनी?

खोटी रडवेली होऊन म्हणाली, तुला बरं नाहीये, मी लवकर येऊ का? मी फोन ठेवला.

८ एप्रिल

कामावर गेलो नाही. स्वयंपाकघरातली बाई दिवसभर बोलते. म्हणते, येऊ दे तिला.

अभयदादा दार वाजवून गेले. डबा बाहेर ठेवला होता. वरण-भात. वास घेतला, टाकून दिला — भूक लागली होती, तरी —

एवढ्या माणसांच्या इमारतीत माझं म्हणावं असं कुणी नाही.

१० एप्रिल

शेवटची बाटली. चमचा नाही, तशीच तोंडाला —

विमानं छपरावरून जातात. प्रत्येक विमानात ती बसलेली असते.

१२ एप्रिल, पहाटे

मुंबई विमानतळावरून तिचा फोन. सिंगापूरचे नियम वाचले म्हणाली. भांग अजिबात चालत नाही, लिहिलंय. त्या बाटल्या इथेच कचऱ्यात टाकू का? खरं सांग देवदत्त, मला भीती वाटतेय.

बाई कानात म्हणाली, परीक्षा घे. ही त्यांचीच असेल तर तिला कुणी हात लावणार नाही. आणि खरी असेल तर —

मी म्हटलं, आण. काही होत नाही.

ती म्हणाली, बरं, तू म्हणतोस तर.

दुपार

मेसेज. उतरले. बॅगेची वाट बघतेय. तू बाहेर आहेस ना?

मी घरी. दाराला कडी. आता कळेलच.

बाटली रिकामी. बाई कुठे गेली? सकाळपासून गप्प आहे. फार शांत झालंय घर —

संध्याकाळ

इथल्याच एका नंबरवरून फोन आला. एक माणूस, फार सभ्य. निहारिका नावाच्या बाईंचे पती का, म्हणाला. तिच्या सामानात —

मागे ती रडत होती. दातांत ओठ दाबून, कुणाला ऐकू जाऊ नये असं. लग्नाला इतकी वर्षं झाली, दुसरं कुणी असं रडत नाही. माझीच. पहिल्यापासून माझीच होती. मी तिला हो म्हटलं, मीच, आण म्हटलं —

जायला हवं. सांगायला हवं, बाटल्या माझ्या, तिला काही माहीत नव्हतं, ती टाकून देत होती, मी —

सगळे खिसे उलटे केले. किल्ली सापडत नाही.

बेल वाजतेय. अभयदादा असतील, नाहीतर ते लोक. कुणीही असो, मला फक्त तिच्याकडे घेऊन —