तहानलेल्या पऱ्ह्यांवर मामाची फवारणी

सिहोरा, ऑगस्ट १९७९

चिरंजीव ईश्वर यास मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत ठीक असेल, मेसचं वरण अजून तसंच पातळ असेल. माझी तब्येत विचारू नकोस. तुझी माय करडीला लेकीचं बाळंतपण उरकून पोळ्याआधी परत येते, असा निरोप आल्यापासून मला घास जात नाही.

उन्हाळ्यात तू ओट्यावर बसून सांगितलं होतंस, की पाणी तुटलं की झाड आपल्याच अंगात एक संप्रेरक तयार करतं. त्यानं पानांची बारीक छिद्रं मिटतात आणि आतली ओल वाचते. मी मान डोलावली होती. (मान डोलावणं आणि समजणं यांत किती अंतर असतं, हे तुमच्या कॉलेजात शिकवत नसावेत.) पुढे माय धानाचे पऱ्हे, रोवणीची ती कोवळी रोपं, माझ्या भरवशावर टाकून गेली आणि पाऊस दडी मारून बसला. पऱ्हे खुजे राहिले, पिवळे पडले, पानांच्या सुरळ्या झाल्या. मला वाटलं, यांच्या अंगातलं संप्रेरक संपलं, आपण बाहेरून घालू. तुमसरच्या एका दुकानदारानं बाटली दिली. नाशिककडे द्राक्षांवर मारतात म्हणे. कोणतं संप्रेरक ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. दोघांचीही अब्रू राहिली.

फवारलं, आणि आठवड्याच्या आत पऱ्हे वीतभर उंचावले. मी गाव बोलावून दाखवले. शेजारच्या सोमाजीचे तसेच खुजे, कारण तो दिवसभर पारावर पत्ते खेळत होता. त्यालाही औषध देऊ केलं, तर म्हणतो, "कायले तरास देता जी त्यायले? झोपले तं झोपू द्या." (हे ज्ञान नव्हे, निव्वळ आळस. त्याच आळसापायी त्याचं कुंपणही दोन वर्षं पडलेलं आहे.) मग ऊन तापलं आणि आमची उंच मंडळी शेवयांसारखी आडवी झाली. ते वाढीचं औषध होतं रे. बिचारे वाढ आवरून, दम धरून बसले होते, त्यांना मी उठवून पळायला लावलं. पाऊस आला तो त्यानंतर. सोमाजीचे पऱ्हे हिरवे झाले, तुझ्या मायच्या पऱ्ह्यांचं वाळून तणस झालं.

पऱ्हे नाहीत तर रोवणी नाही, रोवणी नाही तर वर्षभर घरात भात नाही. दारात बैलबंडी वाजली की मायच आली वाटून मी मागच्या दारानं गोठ्यात जातो. बैलही आता माझ्याकडे संशयानं पाहतात.

तू मात्र मन लावून अभ्यास कर.

तुझा मामा,
मधुकर

ता. क. घाबरू नकोस. सोमाजीकडे पऱ्हे उरले होते, ते त्यानं दिले, आणि काल मायच्या शेतात, बांधीत रोवूनही झाले. मोबदल्यात काही घेतलं नाही. फक्त त्याची लेक रुखमा यंदा मॅट्रिक झाली आहे, आणि पोळ्याला तू तिला पाहायला येतोस, असं माझ्या तोंडून निघून गेलं. ही तुझीच इच्छा होती, असं माय निघायच्या आत करडीला लिहून टाक. रोवलेले पऱ्हे आता उपटून परत देता येत नाहीत.

आणखी एक. रुखमालाही विचारलं. नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "पोरगा मामावर तं नाई ना गेला?" तिला काय सांगू, ते उलट टपाली कळव.