चुलीमागची भिंत

९ फेब्रुवारी, रविवार

अर्पीचा फोन. बुधवारी येऊन राह्यली. सोबत कॉलेजातले दोघं — एक पोरगा, एक पोरगी. अन् कॉलेजचा कॅमेरा. शेवटच्या वर्षाचा सिनेमा काढायचा म्हणे, त्याच्यावरच पास-नापास. अन् सिनेमात कोण? तर मी! सकाळची चुलीपुढं भाकरी थापताना!

संक्रांतीले आली होती तेव्हा तिनं मोबाईलात सैपाकघराचे फोटो काढले होते. मातीच्या छताले, धाब्याले, जे धुराचं भोक हाये ना, त्याच्यातून सकाळी उन्हाचा पट्टा चुलीवर पडते. ते फोटो तिनं सरांले दाखवले. सर म्हणे हेच कर, पण बाहेरचा लाईट लावायचा नाही, त्या एका उजेडावर करून दाखव. असलं काहीतरी. मले तर हे शिक्षण अजून समजलं नाही. लग्नात शुटींगवाला फिरते तेच काम. त्यासाठी पुण्याले जावं लागते?

जाऊ दे ते. मले घोर लागला भिंतीचा. चुलीमागची भिंत! सासूच्याही आधीपासूनचा धूर खाल्लेली. बोट लावलं की बोट काळं. तिथं पुण्याची लेकरं येणार अन् वरून कॅमेरा लावणार. कोणाकोणाले दाखवतील मंग!

फोन ठेवता ठेवता म्हणे, "आई, घराले काही करू नको बरं. जसं हाये तसंच राहू दे."

सगळेच म्हणतात असं. आपण कोणाकडे गेलो की म्हणतोच — काही करू नका बाई, आम्ही काय परके हाओ का. अन् त्यायनं खरंच काही नाही केलं, तर घरी येऊन नावं ठेवतो!

११ फेब्रुवारी, मंगळवार

झालं एकदाचं! धाडच्या बाजारातून चुना आणला, नीळ आणली. काल भिंत खरडली अन् आज चुन्याचे दोन हात मारले. चुलीमागची भिंत अशी झाली जसं दूध सांडलं. धाब्यावरचं भोक पत्रा ठेवून बुजवलं, त्यातून कचरा पडते. मधात ट्यूब लावली, लांब. बटन दाबलं की लखलखाट.

अर्पीचा बाप दारातून पाहे. "पोरगी नको म्हणे ना?"

म्हटलं, "तुम्ही गप्प राहा. तुम्हाले काय समजते पाहुण्यातलं."

पलीकडून गोजरबाई खोकलली. माझी मोठी जाऊ. मधात एकच भिंत, पण नालीच्या पाण्यावरून बोलणं बंद हाये आमचं. खोकला आला नव्हता तिले. मुद्दाम खोकलली. चुन्याचा वास गेला असन तिच्या नाकात. जाऊ दे!

हात भाजले चुन्यानं. पण आता कोणी यावं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. पण बोलू कोणापाशी.

आले दुपारी. पोराचं नाव हरिओम, पोरगी समता. चांगली लेकरं. अर्पी चप्पल काढून सरळ सैपाकघरात गेली — मले दाखवायचीच घाई होती, मी मागंमागं. बटन दाबलं. म्हटलं, पाह्य आता!

तिनं वर पाह्यलं. "भोक कोणं बुजवलं?"

"मीच. पाणी गळते."

"फेब्रुवारीत?"

मंग भिंतीले हात लावला. हात पांढरा झाला, तर त्याच्याकडं पाहतच राह्यली. हरिओम मागून म्हणे, "छान आहे की, काकू." खोटं बोलता येत नाही त्या पोराले. कान लाल झाले त्याचे.

पत्रा काढला त्यायनं. ऊन आलं खाली, पण पट्टा काही दिसे ना. सगळी खोलीच उजळली, दवाखान्यासारखी. समता मले समजावून सांगे — "काकू, काळी भिंत उजेड पिऊन टाकते, म्हणून तेवढा एकच पट्टा उठून दिसतो. पांढरी भिंत सगळीकडे फेकते." त्यायनं काळं कापड लावून पाह्यलं, घोंगडी लावून पाह्यली. कॅमेऱ्यात कापड कापडच दिसे.

तोपर्यंत गप्प बसायचं ना मी? नाही. मले बोलावंच लागते. दोघांसमोर म्हटलं, "लोकं घर सजवून फोटो काढतात. तुलेच आईचं दलिंदर दाखवायचं हाये काय जगाले?"

अर्पी म्हणे, "मी म्हटलं होतं ना, काही करू नको."

"म्हणतातच लोकं!"

"मी लोकं हाओ का आई?"

गोठ्याकडं गेली निघून. पोरं खाली पाहत राह्यले. मी त्यायले चहा दिला अन् चहात साखर टाकायची राहून गेली. पिले बिचारे तसाच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज तर हद्द केली मी.

डोक्यात आलं, जे आपण पुसलं ते आपणच पुन्हा लावू. सगळे झोपलेले. चुलीत ओली बाभूळ घातली, वरून कपाशीच्या पऱ्हाट्या. धूर झाला, पण भिंत काही धरे ना. मंग चिमणी काढली जुनी. रॉकेल कुठं मिळते आता? ट्रॅक्टरचं डिझेल घातलं. चिमणी भिंतीजवळ धरून फिरवत राह्यली, खालून वर, खालून वर. डोळ्यात काजळ घालतात तसं. जिथं धरली तिथं काळा ओघळ, बाजूले पांढरं. झेब्र्याच्या पाठीसारखी झाली भिंत! मंग मले रडू आलं. धुरानं की कशानं कोण जाणे. भिंतीले शिव्या दिल्या, मलेच दिल्या. "मोठी आली चुना मारणारी! बापानं महाल बांधला होता तुह्या?" असं काहीबाही बोलत होती, मोठ्यानं. ऊन निघालं होतं तोवर, भोकातून धुरात पट्टा पडलेला. मी त्याच्यातच उभी, चिमणी घेऊन.

अन् वळून पाह्यलं तर दारात अर्पी. कॅमेरा खांद्यावर. डोळा कॅमेऱ्याले लावलेला.

लुगडं गुडघ्यावर खोचलेलं माझं. पोलकं बगलेत फाटलेलं. तोंड काळं, त्याच्यात पाण्याचे ओघळ, शेंबूड. अन् शिव्या! त्यात आवाजही येते म्हणे.

"बंद कर!"

करे ना. मी धावली. कॅमेरा कॉलेजचा, लाखाचा, म्हणून हात नाही लावला, नाही तर फोडलाच असता.

"आई, ऐक ना एकडाव. तू पाह्य तर, कशी दिसून राह्यली त्यात —"

"पूस ते! आत्ताच्या आत्ता! तुले माह्या गळ्याची आन हाये!"

गळ्याची आन मी कधी घालत नाही कोणाले. ज्याच्या गळ्याची घातली, आन मोडली तर ते माणूसच मरते. माहेरी एका बाईनं मोडली होती, अन्... जाऊ दे.

चेहरा उतरला तिचा. "बरं," म्हणे.

दिवसभर तिच्याकडं पाह्यलं नाही मी. कॅमेरा परवा संध्याकाळी पुण्यात परत द्यायचा म्हणे, म्हणजे उद्याचाच दिवस उरला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हरिओमनं विचारलं, "काकू, गावात दुसरं असं जुनं स्वयंपाकघर आहे कुणाचं?"

हाये. भिंतीपलीकडंच हाये. एकाच धाब्याखालचं अर्धं-अर्धं घर. तिचंही भोक तसंच, तिची भिंत तर माझ्यापेक्षा काळी. अर्पीले माहीत होतं, पण ती बोलली नाही. माझ्यासाठीच बोलली नाही.

मीच गेली. गोजरबाई ओट्यावर तूर पाखडत होती. सूप थांबवलं नाही तिनं.

"काऊन वं शालू, चुना सरला काय?"

"तुमचं सैपाकघर पाहिजे. सकाळपुरतं."

"वाटणीत नेलं नाही तेवढं आता पाहिजे?"

"अर्पीच्या परीक्षेसाठी."

"मंग अर्पीनं यायचं होतं. मी तिले नाही म्हटलं असतं काय?"

"बिघडवलं मी. म्हणून मी आली."

तेव्हा सूप थांबलं. माझ्या तोंडाकडं पाहतच राह्यली — कानामागं काळं राह्यलं असन. मंग उठली. "ये म्हणा लेकरांले. पण चुलीपुढं मीच बसीन. माह्या चुलीले दुसऱ्या बाईचा हात लागू देत नाही मी, तुले माहीत हाये."

खरं सांगू? मले बरंच वाटलं. मले नव्हतंच बसायचं.

त्यायनं तिपाई लावली. एका बाजूनं थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला, जरासा उजेड वळवायले. अर्पी कशी बोलते कामाच्या वेळेस! "समता, अर्धा फूट मागं. हरिओम, थांब, ढग जाऊ दे. मोठीमाय, हात जरा हळू." गोजरबाई कधी कोणाचं ऐकत नाही, पण मुकाट्यानं ऐके. मी उंबऱ्यावर बसून ऐके. ही माझी पोरगी हाये काय, असं वाटलं.

हरिओमनं मले बोलावलं, "बघा काकू." मी डोळा लावला.

सगळं काळं. अन् त्या काळ्यातून हात निघालेला, पिठाचा. भुईमूग उपटला की काळ्या मातीतून पांढऱ्या शेंगा वर येतात ना, तसा. भाकरी फुगली तर वाफ दिसली. वाफ! इतके वर्ष भाकरी करतो आपण, वाफ कोण पाहते?

डोळा काढला कॅमेऱ्यावरून. कोणाकडं पाहू समजे ना. अर्पीकडं तर नाहीच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गेले. अर्पी पाया पडली, "येते," म्हणे. मी म्हटलं डबा सांभाळ, तेल सांडन. 

२ मार्च, रविवार

अर्पीचा फोन. आवाजच पडलेला.

सरांले सिनेमा दाखवला जोडून. सर म्हणे उजेड सुंदर हाये, फ्रेम सुंदर हाये. पण तू सिनेमाचं नाव दिलं 'आई', अन् ही बाई नुसती भाकरी करून राह्यली. हिच्यात तुझी आई कुठं हाये? आठवडा देतो, काही असन तर जोड. नाही तर वर्ष जाईन.

"मंग ये ना परत. काढ पुन्हा."

"कॅमेरा दुसऱ्यांकडं गेला आई. आता नाही मिळत."

दोघींलेही माहीत, माझं एक काढलेलं हाये. पूस म्हटलं तरी कोण पुसते! ती त्याचं नाव घेईना. माझ्या तोंडून निघेना. मी विचारलं, जेवली का. हो म्हणे.

३ मार्च, सोमवार

बाजारात भाजी विकायले बसली, पण चित्त नाही. एका बाईनं मेथीची जुडी मागितली तर तिले सांबाराची जुडी बांधून दिली.

ते शेंबडं तोंड. ते फाटकं पोलकं. पुण्यात मोठ्या पडद्यावर. सर पाहतील, पोरं पाहतील, हसतील. नाही! नाहीच जमत.

४ मार्च, मंगळवार

गोजरबाई आता बोलते. तिले सांगितलं सगळं, सांगायचं नव्हतं तरी. म्हणे, "रडलीच ना वं? चोरी तं नाही केली."

मी म्हटलं, तुमचं काय जाते, तुम्ही छान दिसल्या.

"मी दिसली, पण पोरगी तुही हाये," म्हणे अन् आत गेली.

ज्यानं आन घातली त्यानंच सोडायची असते. सोडली म्हणायचं, मोकळं झालं. दोन शब्द हायेत. जीभ जड झाली तर काय झालं. हसतील तर हसू दे! पोरीचं वर्ष जाण्यापेक्षा बरं. उद्या करते फोन.

५ मार्च, बुधवार

केला. उचलल्या उचलल्या म्हटलं, "अर्पे, आन सोडली मी. लाव ते माझं. शिव्यासकट लाव."

मले वाटलं रेंज गेली, म्हणून अंगणात येऊन पुन्हा म्हटलं.

मंग म्हणे, "आई, ते त्याच दिवशी पुसलं गं."

"काऊन? ठेवायचं ना चोरून! मले काय समजलं असतं?"

"अन् तुले काही झालं असतं मंग?"