पंपाच्या नावाने खडे

६ नोव्हेंबर २००६, नॉटिंगहॅम

पुन्हा हलली! पेशंट यायच्या आधी मशीन ठीक आहे ना हे बघायला रोज सकाळी मी स्वतः त्याच्यावर उभी राहते. पाट म्हणतो आम्ही त्याला. बूट काढून, डोळे मिटून उभं राहायचं, की माणूस तोल कसा सांभाळतो त्याची रेघ स्क्रीनवर उमटते. चार वर्षं माझी रेघ सरळ. तीच आमची मोजपट्टी. आणि ऑक्टोबरपासून थरथरतेय!

कारण मला ठाऊक आहे. वरच्या मजल्यावरचा यतीनचा पंप! नव्वद किलोमीटर उंचीवर असते तसली विरळ हवा टाकीत करायचीय त्याला. करा. खाली माणसं जमिनीवर उभी राहतात, त्यांचं काय? नवरा असला म्हणून सोडणार नाही.

८ नोव्हेंबर

यतीन म्हणे, "देवू, पंपाखाली रबर माउंट्स आहेत. व्हायब्रेशन खाली येतच नाही." वर शहाणपणा — "हल्ली तोंड धुताना तू बेसिनला धरतेस." डोळ्यांत साबण गेल्यावर कोण धरत नाही? विषय बदलावा तर यानेच!

९ नोव्हेंबर

शुलामीथ, आमची टेक्निशियन. आईवडील मुंबईचे, ही लंडनची. मराठी आजीकडून उचललेलं, मोडकंतोडकं. आज म्हणते, "देवयानी, आय कुड ट्राय. मी उभा राहू का?" खेकसले तिच्यावर. मोजपट्टी रोज बदलली तर मोजायचं कशाने?

जिन्यातला दिवा अजून गेलेलाच. भिंत धरून उतरले. कुणाला काही करायला नको!

१३ नोव्हेंबर

विभागप्रमुख जेनिफरला सरळ सांगितलं — पंप बंद करा, नाहीतर माझा प्रोजेक्ट बंद करा. डिसेंबरात रिपोर्ट आहे. असल्या हलत्या मोजमापांवर पुढच्या तीन वर्षांचे पैसे कोण देणार मला?

तिने पंप बंद करायला सांगितलं. यतीन म्हणाला, "टाकी रिकामी करायला महिना गेलाय. आता थांबलो तर सगळं पहिल्यापासून." "मग कर पहिल्यापासून!" म्हटलं. भाजी करपली होती, तशीच वाढली त्याला.

१५ नोव्हेंबर

पंप बंद झाला. यतीन खाली आला, दाराशी उभा राहिला.

मी पाटावर चढले. डोळे मिटले.

रेघ हलली. तशीच.

या वेळी शुलामीथने विचारलं नाही. बूट काढले आणि चढली. तिची रेघ सरळ. मग यतीनची — सरळ!

दोघांवर ओरडले. काय बोलले ते आठवत नाही. यतीनने माझे बूट आणून पायाशी ठेवले, त्याचाही संताप आला.

१२ जानेवारी २००७

आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, पेशंट म्हणून पाटावर उभी राहिले. मशीन सकाळी शुलामीथने तपासलं होतं. "डोळे मीट," ती म्हणाली. खूप भीती वाटली. यतीन मागे हात पसरून उभा होता.

वर पंप चालू होता. खाली काहीच येत नव्हतं.