शेवटच्या वाचकाची सही

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, एका वित्तसंस्थेच्या जोखीम विभागाची निवृत्त प्रमुख, आज मंगळवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दबाव कोणाचाही नाही. पती भाजी आणायला गेले आहेत आणि मुलांना यातले काही ठाऊक नाही. यापूर्वीची माझी चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. प्रत्येक विमानप्रवासाआधी एक लिहायची सवय होती, त्यामुळे ती चार झाली.

परवा माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाला, "काळजी करू नका, शंभरात दोघांनाच त्रास होतो." मी विचारले, "त्या दोघांनाही तुम्ही हेच सांगितलं होतं का?" तो हसला. मला हसू आले नाही. काय काय बिघडू शकते याचा विचार करण्याचाच मी पगार घेतला, आणि ती सवय निवृत्तीबरोबर जात नाही. आज सकाळपासून गॅस सहा वेळा पाहून झाला आहे.

कलम १. राहता फ्लॅट पतींना. ते आपल्या गावी शाळेत चित्रकला शिकवत होते. माझ्या नोकरीपायी ते सोडून इथे परदेशात आले, आणि पहिली सहा वर्षे राहण्याच्या परवान्यावर 'अवलंबित' असा शिक्का घेऊन घर सांभाळत राहिले. त्याबद्दल एकदाही बोलून दाखवले नाही. घर त्यांच्या पश्चात दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. बाल्कनीचे दार आतून नीट लागत नाही, त्याला खुर्ची लावावी.

कलम २. बँकेतील ठेवी व निवृत्तीची रक्कम मुलगी आणि मुलगा यांना सारखी. मुलाने ती कोणत्याही 'खात्रीच्या' योजनेत घालू नये. खात्री हा शब्द उच्चारणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवावे.

कलम ३. माझी लाल पेन्सिल, मोठ्या आकड्यांचा कॅल्क्युलेटर आणि ऑफिसची चामडी बॅग मुलीला. या बॅगेसह मी एक्केचाळिसाव्या वर्षी इथे उतरले. सातव्या मजल्यावर बिनखिडकीच्या खोलीत मला बसवले. माझे नाव त्यांना जड गेले, म्हणून त्याचे दोन तुकडे करून सोपा तेवढा ठेवला. पुढे पंधरा वर्षे मी त्या अर्ध्या नावालाच ओ देत आले.

कलम ४. धाकट्या नणंदेला काही नाही. आम्ही निघालो त्या दिवशी ती सर्वांसमोर म्हणाली होती, "वहिनी जातायत खऱ्या, पण महिन्याभरात घाबरून परत येतील." घाबरले रोज, परत गेले नाही, एवढे तिला कळवावे. बाकी माझा राग नाही. थोडा आहे.

कलम ५. आमचे संचालक, ज्यांना गोड बोलण्यावरून आम्ही पाठीमागे साखऱ्या म्हणत असू, त्यांनी निरोप समारंभात दिलेले घड्याळ त्यांना परत करावे. ते हयात नसल्यास कोणालाही द्यावे, घरात ठेवू नये.

कलम ६. आता मुख्य गोष्ट.

विभागाची उपप्रमुख असताना मी तिथे एक नियम घातला होता. कुठलेही टिपण कोणीही लिहो, बाहेर पडण्यापूर्वी जो ते शेवटचे वाचेल त्याने एकट्याने खाली सही करायची. दहा सह्या असल्या की कोणीच वाचत नाही, असे माझे म्हणणे होते. या नियमाचा मला फार अभिमान होता.

चौदा वर्षांपूर्वी आम्ही एका नव्या कर्जयोजनेवर टिपण केले. शेवटची ओळ होती, 'ही योजना थांबवावी.' साखऱ्या माझ्या खोलीत आले, दार लोटले आणि म्हणाले, "बाई, 'लक्ष ठेवावे' असं लिहा ना. तुमच्या कायमच्या परवान्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे, मला तो अडवायचा नाही." आमचे परवाने नोकरीला बांधलेले होते. नोकरी गेली की साठ दिवसांत देश सोडायचा. मुलीची परीक्षा तोंडावर आली होती. मी लाल पेन्सिलीने ती ओळ स्वतःच्या हाताने बदलली.

सही मात्र करवेना. मी गाडीत बसले आणि आमच्या विभागातल्या मास्तरला फोन केला. तोही आमच्याकडचाच, परवानाही माझ्यासारखाच. सगळ्यांच्या चुका दुरुस्त करायचा, म्हणून मास्तर. म्हटले, "नवी प्रत टेबलावर आहे. मी वाचलीय. तू सही करून पाठव."

तो म्हणाला, "मॅडम, शेवटची ओळ बदललीय."

"मला माहीत आहे. कर सही."

त्याने केली. वर्षभरात योजना बुडाली, तीत अनेकांची पुंजी गेली, आणि चौकशी बसली. समितीने माझाच नियम माझ्यापुढे ठेवला : शेवटचे कोणी वाचले? सही मास्तरची. मला विचारले, ओळ बदलल्याचे तुम्हाला ठाऊक होते का? मी म्हणाले, "आठवत नाही." बाहेर तो व्हरांड्यात उभा होता. "मॅडम, तुम्हाला आठवत असेल," एवढेच म्हणाला. त्याची नोकरी गेली आणि साठ दिवसांत तो सातव्या महिन्यातल्या बायकोला घेऊन देश सोडून गेला. मी पुढच्या वर्षी विभागाची प्रमुख झाले.

पेन्सिलीने दुरुस्त केलेली ती प्रत माझ्या कपाटाच्या तळच्या खणात आहे. माझ्या मृत्यूनंतर ती, माझ्या सहीच्या कबुलीसह, मास्तरला आणि संस्थेच्या कार्यालयाला पाठवावी.

टीप : कलम ६ चे शेवटचे वाक्य मी खोडले आहे. वाचता येईल असेच खोडले आहे, शेजारी सही केली आहे. कारण खाली देते.

साक्षीदार म्हणून मी शेजारच्या दंतवैद्य बाईंना आणि तळमजल्यावरच्या शिंप्याला बोलावले होते. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नसते. पण सवय जात नाही, मी दोघांना पूर्ण वाचायला लावला. बाईंनी चष्मा काढला आणि विचारले, "म्हणजे परवा तुम्ही ठणठणीत बऱ्या होऊन आलात, तर हा माणूस तसाच दोषी राहणार?"

मी म्हणाले, "तसं नाही हो."

"मग कसं?"

मला मरणाची भीती वाटते असे मी इतके दिवस समजत होते. परवा वाचले तर काय, ही खरी भीती होती, हे त्या टेबलाशी बसून मला कळले. मी ते वाक्य खोडले. पती तेवढ्यात आले. त्यांना पिशवी खाली ठेवायला सांगून सगळे सांगितले. त्यांनी उठून खणातली प्रत काढून आणली आणि म्हणाले, "आत्ता कर फोन."

मास्तरचा गावाकडचा नंबर माझ्याकडे इतकी वर्षे होता. मला त्याला अरे म्हणवेना. "अहो, मी बोलतेय," म्हटले आणि लिहिलेली कबुली पहिल्यापासून वाचून दाखवली. प्रत आणि कबुली उद्या सकाळी संस्थेला पोचतील, असे सांगितले.

तो म्हणाला, "मला कशाला वाचून दाखवताय? मला माहीतच आहे की. माझ्या मुलीला वाचून दाखवा. तिला वाटतं, मीच काहीतरी केलं होतं." आणि त्याने फोन तिच्याकडे दिला.

मी पुन्हा वाचले. शेवटी तिने विचारले, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मी म्हणाले, "भीती वाटत होती."

"बाबांना पण वाटत असेल," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

कलम ७. यापलीकडे माझ्या नावावर असे काही नाही. हे सर्व मी लिहिले, मी वाचले, आणि शेवटची वाचक म्हणून माझ्या पूर्ण नावाने सही केली.

(सही) लिहून देणार

साक्षीदार : (सही) शेजारीण, दंतवैद्य. सर्व वाचले.
साक्षीदार : (सही) तळमजल्यावरचा शिंपी. सर्व वाचले. फोनच्या वेळीही हजर होतो.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक : शस्त्रक्रियेच्या आधीचा मंगळवार, संध्याकाळी साडेपाच